भिवरा हाडवैदीण आणि हैबतीचा गुद्दा

फार वर्षांपूर्वी, दगडसांगवीच्या नदीवर पूल नव्हता आणि डोंगरावरच्या गडात अजून माणसं राहत होती, तेव्हा गावात भिवरा नावाची एक हाडवैदीण होती. मोडलेलं हाड ती बोटांनी चाचपायची, डोळे मिटायची, आणि ते कुठे, कसं, कशाने मोडलं ते सांगायची. "बैलाने मारलं म्हणतोस, पण हे तर चिंचेवरून पडल्याचं हाड आहे," असं ती म्हणाली की चिंचा चोरणारा मान खाली घालायचा. तिच्या बोटांना डोळे होते, असं म्हणतात.

त्याच काळी गडावर हैबती नावाचा ठोसेबाज होता. दर वर्षी जत्रेच्या दिवशी तो खाली उतरायचा, देवळापुढे राखेचं रिंगण आखायचा आणि गावाकडे एक गडी मागायचा. मग गुद्द्यांची लढत व्हायची. ज्याचा गुडघा टेकला तो हरला. हरलेल्याने वर्षभर गडावर राहायचं आणि हैबतीने रोज सकाळी त्याच्यावर हात चालवून बघायचे, जसे कुणी वाळूच्या पोत्यावर चालवावेत. सात वर्षांत सात गडी गेले. सातही परत आले, पण पुन्हा नांगर धरणं एकालाही जमलं नाही.

आणि गडी निवडायचं कोण? पारावरचे पंच. "गडाशी वैर परवडायचं नाही. एक जण गेला की बाकीचं गाव सुखात," असं येसाजी पाटील सांगायचे आणि बाकीचे माना हलवायचे. पंचांच्या घरातलं नाव सात वर्षांत एकदाही निघालं नाही. ते कसं, हे कुणी मोठ्याने विचारलंही नाही.

सातही जणांवर भिवरेनेच उपचार केले. आंबेहळदीचा लेप लावायचा, बांबूच्या कामट्या बांधायच्या, रात्रभर कण्हणं ऐकायचं. चाचपता चाचपता तिच्या ध्यानात आलं, की सातही जणांची एकच बरगडी मोडली आहे. डावीकडची, खालून तिसरी. गुद्दा दर वेळी खालून वर आलेला. आणि सातही जण एकच सांगत होते, "भिवराक्का, पहिला हात मीच टाकला. त्याने तो खांद्यावर घेतला, एक पाऊल मागे गेला. मला वाटलं, घाबरला. मी पुढे झालो. पुढचं आठवत नाही."

सहावा गडी परत आला त्या दिवसापासूनच भिवरा नदीवर गेली की भरलेली घागर डाव्या खांद्यावर घ्यायची, सगळा भार मागच्या टाचेवर द्यायची आणि तशीच उभी राहायची. इतकी निश्चल, की बगळे तिच्या घागरीवर येऊन बसायचे, असं म्हणतात.

आठव्या वर्षी पंचांनी सटवाचं नाव घेतलं. सटवा म्हणजे भिवरेचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं.

जत्रेचा दिवस उजाडला. सटवाने अंगरखा काढला, तोच भिवरेने त्याला दंडाला धरून मागे ओढलं आणि पदर खोचून ती स्वतः रिंगणात उतरली.

"अगं ए!" पाटील पारावरून ओरडले. "गावाची अब्रू घालवतेस? तुझी बोटं मोडली तर आमची हाडं कोण बसवणार?"

"पाटील, हाडं मोडायची थांबली तर बसवायची वेळच कशाला येईल?" भिवरा म्हणाली. "तुमचे तिघे लेक तिकडे सावलीत उभे आहेत. त्यांतला एक पाठवता? पाठवा, मी बाहेर येते."

पाटील पारावर मागे सरकून बसले. हैबती मात्र पोट धरून हसला.

"ये बाई, ये. पण हरलीस तर दोघांना नेईन. तुला आणि तुझ्या भावाला."

"ने," भिवरा म्हणाली.

ढोल थांबला. हैबती डावा खांदा पुढे काढून उभा राहिला, भार मागच्या टाचेवर. आणि पहिल्या हाताची वाट बघू लागला.

भिवरेनेही डावा खांदा पुढे काढला. भार मागच्या टाचेवर दिला. आणि तीही वाट बघू लागली.

कुणीच हलेना. ऊन चढलं. राखेतून मुंग्यांची रांग निघाली, ती दोघांच्या पायांना वळसा घालून गेली. दुपार झाली. पाण्याचा तांब्या सटवाच्या हातात होता, पण प्यायचं त्याला सुचलं नाही. बहिणीचा गुडघा टेकला, की दोघांचं वर्ष गडावर जाणार होतं, आणि वर्षानंतर काय परत येतं ते त्याने सात वेळा पाहिलं होतं. त्या दिवशी देवळाची सावलीसुद्धा जागची हलली नाही, असं म्हणतात.

"अहो हैबतीबुवा, मुळं फुटली का?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"बाईला भ्यायला!" दुसरा म्हणाला. आणि सात वर्षांत पहिल्यांदा गाव हसलं.

हैबतीच्या कपाळावरची शीर उडू लागली. आयुष्यात त्याने पहिला हात कधी टाकलाच नव्हता. तो कसा टाकायचा, टाकल्यावर अंग कुठे न्यायचं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. सूर्य डोंगराला टेकला तेव्हा तो गुरगुरला आणि पुढे झेपावला.

गुद्दा भिवरेच्या खांद्यावर बसला. गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज पारापर्यंत गेला. ती एक पाऊल मागे गेली. हैबतीला वाटलं, घाबरली. तो पुढे झाला. आणि तिची उजवी मूठ खालून वर आली. डावीकडची, खालून तिसरी.

हैबतीचं तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. त्याचा गुडघा राखेत टेकला.

सटवा धावत आला. बहिणीचा डावा हात लोंबत होता. हाड बसवायचं कुणी? गावात तिच्याशिवाय कुणाला ते येत नव्हतं. भिवरेने आजूबाजूला पाहिलं आणि ती हैबतीपुढे बसली.

"तुझ्या हातात जोर आहे," ती म्हणाली. "तो तू आजवर मोडायलाच वापरलास. हात उघड."

हैबतीची मूठ अजून आवळलेलीच होती.

"हात उघड म्हणते ना! अंगठा इथे ठेव. आता हळू दाब. कुणाचं तरी दुखतंय, हे कळू दे तुझ्या बोटांना."

हैबतीने मूठ उघडली. हाड जागेवर बसलं. मग भिवरेने त्याच्या बरगडीला लेप लावला, आणि तो ढसाढसा रडला, असं म्हणतात. तो गडावर परतलाच नाही. त्या सात जणांच्या घरी जाऊन त्यांची अंगं चोळण्यात त्याचं उरलेलं आयुष्य गेलं.

म्हातारी माणसं अजून सांगतात, की त्या दिवशी भिवरेच्या अंगात देवी आली होती. त्यांना तसंच सांगणं सोयीचं आहे. देवी आली म्हटलं, की आपण सात वर्षं पारावर का बसून राहिलो, हे कुणी विचारत नाही.

दगडसांगवीच्या जत्रेत आजही गुद्द्यांची लढत होते. पण तिथे कुणी दुसऱ्याचं नाव घेत नाही. ज्याला उतरायचं तो स्वतःचं नाव सांगून उतरतो. आंबेहळद पाटलांच्या घरच्यांनीच उगाळायची, तीही सगळ्यांसमोर. आणि लढत संपली की जिंकणाऱ्याला फेटा लगेच मिळत नाही. आधी त्याने हरलेल्यासमोर बसायचं आणि त्याचा मार स्वतःच्या हाताने चोळायचा. जिंकल्याच्या धुंदीत एखादा मूठ आवळून तसाच उभा राहिला, तर सगळी जत्रा त्याच्यावर एका आवाजात ओरडते,

"हात उघड!"