काय बिघडलं ते सांगू नये

एका गावात एक रेडिओ दुरुस्त करणारा राहत होता. नाव वामन ओतारी. त्याचा हात असा, की विहिरीत पडलेला रेडिओ त्याने नुसता झटकला, तर तो आधी तांब्याभर पाणी ओकायचा आणि मग कांद्याचे भाव सांगायचा. हे डोळ्यांनी पाहिलेली माणसं गावात अजून आहेत. विहीर तेवढी बुजली.

दुकानात वामनने एक लाकडी पाटी टांगली होती. तिच्यावर लिहिलं होतं, ‘काय बिघडलं ते सांगू नये.’ गिऱ्हाइकाने तोंड उघडलं, की वामन पाटीकडे बोट करायचा. "यंत्र सांगेल मला. माणूस थापा मारतो, यंत्र मारत नाही."

कुमुद त्याला दुकानातच भेटली. वडिलांचा रेडिओ घेऊन आली होती. म्हणाली, "अहो, ह्याला ना..." वामनने पाटीकडे बोट केलं. ती हसली आणि गप्प बसली. पुढे दोघांचं लग्न झालं. चौतीस वर्षं वामन आल्यागेल्याला सांगत राहिला, "हिच्या रेडिओची आतली कॉइल जळाली होती. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं." कुमुद चहा आणून ठेवायची आणि तशीच हसायची.

मधल्या काळात रेडिओंचे दिवस गेले. वामनने दुकान बंद केलं, पाटी घरी आणून पुढच्या खोलीत लावली आणि तिच्याखाली संगणक मांडला. त्यावर विंडोज. मधल्या खोलीत कुमुदचा जुना लॅपटॉप, भाच्याने दिलेला. त्यावर लिनक्स. दोन्ही खोल्यांच्या मधल्या चौकटीवर एकच राउटर, दोघांना इंटरनेट वाटून देणारा.

एका वर्षी कुमुदचा आवाज बसला तो बसलाच. मोठ्या डॉक्टरांनी घशात गाठ दाखवली. म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव राहील, आवाज जाईल. महिन्याभरानंतरचा गुरुवार ठरला.

कुमुद रडली नाही. घर मुकं होईल, मग ह्यांचं कसं होणार, एवढीच तिला काळजी. ती रोज लॅपटॉपपुढे बसून बोलू लागली. शेजारणींच्या नकला केल्या. भाजी जळाल्यावर करायची ती चिडचिड केली. जेवायला बोलावण्याच्या हाका तर सात तऱ्हेच्या. खरखरीत का होईना, आवाज तिचाच होता. सगळं एका फोल्डरमध्ये ठेवलं. त्याला नाव दिलं ‘ह्यांच्यासाठी’. मग वामनला पुढच्या खोलीतून उघडता यावा म्हणून तो फोल्डर शेअर केला.

शेवटच्या शनिवारी सकाळी ती म्हणाली, "अहो, तुमच्यासाठी ठेवलंय काहीतरी. उघडून ऐका."

वामनने आपल्या संगणकावरून फोल्डर उघडायला घेतला. संगणकाने नाव आणि पासवर्ड विचारला. वामनने नाव टाकलं ‘ओतारी रेडिओज’, आणि त्याचा पासवर्ड. उत्तर आलं, नाव किंवा पासवर्ड चुकीचा.

"माझा पासवर्ड चुकीचा?" वामन म्हणाला. "तुझं लिनक्सच बिघडलेलं आहे."

"अहो, मला विचारा ना..."

वामनने पाटीकडे बोट केलं.

मग तो तपासायला बसला. राउटरचे दिवे पाहिले. केबल बदलली. दोन्ही संगणकांच्या गटाचं नाव एकच आहे ना, ते पाहिलं. एकच होतं. फायरवॉल बंद करून पाहिली. आपल्या संगणकावरून तिच्या लॅपटॉपला पिंग केलं. चार हाका मारल्या, चारही हाकांना ओ आली.

"बघ, ओ देतंय. म्हणजे जागं आहे. मग दार का उघडत नाही?"

"पेनड्राइव्हवर देऊ?"

"म्हणजे दुरुस्ती न करताच रेडिओ परत द्यायचा?"

"मग माझ्या लॅपटॉपवर येऊन ऐका."

"आधी दुरुस्ती, मग ऐकणं. आवाज कुठे पळून जातोय? यंत्रात आहे ना? तू जरा गप्प बस बघू."

"बसतेच आहे," कुमुद म्हणाली. "गुरुवारपासून कायमचीच."

वामनला हसू आलं नाही. खरं तर त्याला गुरुवारची फार भीती वाटत होती. हातात स्क्रूड्रायव्हर असला की ती कमी व्हायची. रविवार गेला. सोमवारी कुमुदने लॅपटॉपपुढे बसून आणखी एकदा काही बोलून ठेवलं. मंगळवारी ती पुढच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली, वामनची पाठ पाहिली आणि परत गेली. बुधवारी दोघं दवाखान्याच्या गाडीत बसली. गाडीत ड्रायव्हर बोलत होता. वामन मनात केबली मोजत होता.

पंधरा दिवसांनी ती घरी आली. गळ्याला पट्टी, खाली वाटाण्याएवढं भोक. वामनने चहा केला. ती प्यायली. कपबशीचा आवाज झाला, तेवढाच.

वामन पुढच्या खोलीत गेला. सवयीने तेच नाव, तोच पासवर्ड टाकला. तेच उत्तर आलं. त्याने पाटीकडे पाहिलं. मग तो उठून मधल्या खोलीत आला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याने गिऱ्हाइकाला विचारलं.

"कुमुद, काय बिघडलंय गं?"

कुमुदने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, ‘काहीही नाही. माझ्या घराला तुमची किल्ली कशी लागेल?’

एवढीच गोष्ट होती. ज्या संगणकात शिरायचं, त्या संगणकावर नोंदलेलं नाव आणि तिथलाच पासवर्ड लागतो. वामन दर वेळी आपलाच टाकत होता. तिने खाली लिहून दिलं. नावाच्या जागी ‘वामन’. उखाण्याशिवाय जे नाव तिने कधी घेतलं नव्हतं, ते. पासवर्डच्या जागी ‘उलटे सेल’, इंग्रजी अक्षरांत.

वामनने पुढच्या खोलीत जाऊन ते टाकलं आणि फोल्डर उघडला. त्याने पहिली फाइल लावली.

"अहो, तुमची ती कॉइल," खरखरीत आवाज म्हणाला, "ती जळाली नव्हती बरं का. रेडिओला काहीच झालं नव्हतं. मीच सेल उलटे घालून आणले होते, तुम्हाला बघायला. तेच सांगत होते, तर तुम्ही पाटी दाखवलीत. चौतीस वर्षं वाट पाहिली, आज विचारतील, उद्या विचारतील."

वामन मोठ्याने हसला. हसता हसता त्याने सगळ्यात शेवटची फाइल लावली.

"आज सोमवार. अजून दोन दिवस माझ्याकडे आवाज आहे. हे ऐकलंत की ते यंत्र सोडा आणि आत या. काहीही विचारा. मी मधल्या खोलीतच बसलेय."

वामन उठला. आत गेला. ती मधल्या खोलीतच बसली होती. त्याला एकदम इतकं विचारायचं होतं, की काही सुचेना. तो एवढंच म्हणाला, "का गं? माझ्यात काय बघितलं होतंस?"

कुमुदचे ओठ हलले. बराच वेळ हलले. वामन कान देऊन ऐकत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने भिंतीवरची पाटी काढली, तिला काळा रंग दिला, वाळवली आणि खडूच्या पेटीसह कुमुदच्या मांडीवर ठेवली. गावातले लोक सांगतात, त्या पाटीवर इतकं लिहिलं आणि इतकं पुसलं गेलं, की लाकूड झिजून पापडाएवढं पातळ झालं. पण पाटीवरचा एकही शब्द वामनला कधी तिच्या आवाजात ऐकता आला नाही.

तात्पर्य: कोडं यंत्राचं असलं, तरी आधी माणसाला विचारावं, आणि त्याला आवाज आहे तोवरच विचारावं.