शास्त्र्यांच्या मुलाची लाळ

“…मग उणीव राहिली कोठे, महाराज?”

नीळकंठशास्त्री हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारीत होते. खाडीकाठच्या मठाच्या ओट्यावर वृद्ध गोसावीमहाराज भिजवलेले वाल सोलीत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

शास्त्र्यांच्या मांडीवर त्यांचा चौदा महिन्यांचा मुलगा होता. मुलाच्या गळ्यात एकावर एक अशी तीन लाळेरी बांधलेली होती आणि तिन्ही ओली झाली होती.

“उणीव राहिली असे म्हणाले कोण?” महाराजांनी विचारले.

शास्त्र्यांचा चेहरा उतरला. सांगणे भाग होते.

एकादशीस देवळात त्यांचे प्रवचन होते. विषय वासनाक्षयाचा. श्रोते माना डोलवीत होते. त्यांची पत्नी उमा मुलाला घेऊन खांबाशी बसली होती. मुलाच्या ओठांवरून लाळेची तार लोंबत लोंबत फरशीला टेकली, आणि गावातील सर्वांत वयोवृद्ध अशा भागीरथीआत्या साऱ्या देवळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या :

“शास्त्रीबुवा, वासनेचं राहू द्या हो! पोटुशी असताना बायकोचे डोहाळे पुरवले नाहीत, की पोर अशी लाळ गाळतं. आधी घरातलं बघा, मग जगाचं सांगा!”

“सगळे हसले,” शास्त्री म्हणाले.

“सगळे?”

“सगळे.”

“उमासुद्धा?”



“…नाही. ती तेवढी हसली नाही.”

महाराजांनी आणखी एक वाल सोलला.

शास्त्र्यांनी त्या दिवशी पोथी अर्ध्यावर बांधली. त्याला आज बारा दिवस झाले होते. त्यांनी देवळाचे तोंड पाहिले नव्हते. वैद्यांची गुटी झाली होती, वेखंड उगाळून झाले होते, आणि ज्यांवर त्यांचा काडीइतकाही विश्वास नव्हता त्या मीठमोहऱ्याही उतरवून झाल्या होत्या. लाळ गळतच होती. गावात कोणी मुलाकडे पाहून हसले, तरी ते आपल्याकडेच पाहून हसले असे शास्त्र्यांना वाटे.

“आज भरतीच्या होडीने दोघांना तिच्या माहेरी पोहोचवीत आहे,” ते म्हणाले. “लाळ थांबेपर्यंत तिकडेच राहतील.”

“तिला हे ठाऊक आहे?”

शास्त्र्यांनी मठामागच्या विहिरीकडे पाहिले. तेथे उमा बदलायची लाळेरी धूत होती. तिचे बोचके केव्हाच होडीत जाऊन बसले होते.

“चार दिवसांसाठी जात आहोत, असे तिला वाटते.” त्यांचा आवाज खाली गेला. “उरलेले… तेथे पोहोचल्यावर सांगेन.”

“बरे.”

“परंतु आपण एक वाक्य गावापुढे बोललात, तर हे काहीच करावे लागणार नाही. नीळकंठाने बायकोचे डोहाळे यथासांग पुरवले, एवढेच. आपला शब्द गाव मोडणार नाही.”

“पुरवलेस?”

“यथासांग!” शास्त्री ताठ बसले. “सातव्या मासी डोहाळजेवण केले. ग्रंथ काढून पाहिला. गर्भिणीस कोणत्या मासी काय रुचते, ते त्यात क्रमवार दिले आहे. त्याप्रमाणे अकरा पदार्थ झाले. पंगत तिन्हीसांजेपर्यंत उठत होती.”

“त्यांतले तिने काय खाल्ले?”

“मी बाहेर पंगतीची व्यवस्था पाहत होतो.”

“तिला काय हवे होते?”

“ग्रंथात असे म्हटले आहे की—”

“दिवस ग्रंथाला गेले होते काय रे?”

विहिरीवरच्या रहाटाची करकर थांबली.

शास्त्र्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या.  

“…ती आली होती,” ते म्हणाले. “एकदा. वाचनाच्या खोलीच्या दारात. चौकट धरून उभी राहिली. ‘ऐकलंत का’ म्हणाली.”

“मग?”

“मी बोट वर केले. ओळ संपवायची होती.”

“मग?”

“ओळ संपली, तेव्हा ती दारात नव्हती.”

“उठून गेलास?”

“…पुढची ओळ होती, महाराज.”

महाराजांनी हातातला वाल पातेल्यात टाकला आणि हात पंचाला पुसले.

“एकदाच आली होती?”

शास्त्र्यांनी मान खाली घातली. ते मोजायचे असते, हे त्यांना ठाऊक नव्हते. दारात सावली पडे, ते बोट वर करीत, सावली जाई. पुढे पुढे सावली पडेनाशी झाली, तेव्हा घर आता शांत झाले आहे, असे समजून त्यांना बरेच वाटले होते.

महाराजांनी पुढे होऊन मुलाच्या गळ्यातली तिन्ही लाळेरी एकेक करून सोडली. लाळेचा एक थेंब शास्त्र्यांच्या धूतवस्त्रावर पडला. त्यांनी नकळत गुडघा मागे घेतला.

महाराजांनी त्यांचा उजवा हात धरला, उताणा केला, आणि मुलाच्या हनुवटीखाली नेला.

“धर.”

ज्या तळव्यात ते रोज पहाटे आचमनाचे पाणी घेत, त्याच तळव्यात लाळ ठिबकू लागली. ती कोमट होती. मूल चौदा महिन्यांचे झाले होते, आणि आपल्या मुलाची लाळ कोमट असते हे शास्त्र्यांना आज प्रथमच कळत होते.

मुलाने वर पाहिले आणि बापाचा अंगठा तोंडात घातला. हात काढून घ्यावा तर मूल रडेल. न काढावा तर… शास्त्री तसेच बसून राहिले.

उमा विहिरीवरून आली. पिळलेली लाळेरी तिच्या हातावर होती. ओट्याशी येऊन ती थबकली. नवऱ्याचा हात मुलाच्या हनुवटीखाली तिने आजवर पाहिला नव्हता.  तिने किती ऐकले, हे तिच्या चेहऱ्यावरून कळले असते. परंतु शास्त्र्यांना तिच्या चेहऱ्याकडे पाहवेना.

धक्क्यावरून होडीच्या तांडेलाची हाक आली. “चला हो शास्त्रीबुवा! भरती तुमच्यासाठी थांबायची नाय!”

शास्त्री उठले नाहीत.

“महाराज,” ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, “ही लाळ थांबेल तरी का?”

महाराजांनी मुलाच्या तोंडात बोट घालून हिरड्या चाचपल्या. मूल कचकन चावले. महाराज खदखदून हसले.

“अरे, दाढा येताहेत याला! फुटल्या की थांबेल, महिन्या दोन महिन्यांत. तुझे अकरा पदार्थ असते काय, नसते काय, ही गळलीच असती.”

शास्त्र्यांनी झटकन मान वर केली. बारा दिवसांत प्रथमच त्यांच्या छातीत मोकळा श्वास शिरला.

“म्हणजे भागीरथीआत्यांचे म्हणणे निराधार! म्हणजे माझ्यावर दोष—”

“उशीर करू नकोस,” महाराज म्हणाले.

शास्त्र्यांनी होडीकडे पाहिले.

महाराजांनी नकारार्थी मान हलवली आणि पातेले पुन्हा पुढ्यात ओढले.

“तिला काय हवे होते, ते लाळ थांबण्यापूर्वी विचारून घे.”