वारुळातलं दूध

माणसं घराला कुलूप लावायला शिकली नव्हती, तेव्हाची गोष्ट. शेताच्या कडेला मुंग्यांनी थुंकीत माती कालवून, कण कण रचून वारूळ उभं केलं. एके दिवशी नाग आला आणि ना विचारलं ना सवरलं, थेट आत शिरला.

"हाकला मेल्याला," म्हातारी मुंगी म्हणाली.

"राहू दे गं आजी," तरण्या मुंग्या म्हणाल्या. "त्याच्या धाकानं आपल्या घरावर कुणी कुदळ घालणार नाही."

तसंच झालं. कुदळ आली नाही, हळद-कुंकू आलं. घराचं देऊळ झालं म्हणून मुंग्यांच्या माना ताठ झाल्या.

नागपंचमीला गावातल्या बायका आल्या आणि त्यांनी तांब्यावर तांबे दूध वारुळात ओतलं. पहिल्याच धारेला नाग मागच्या भोकातून निघून बांधावर जाऊन बसला. दूध खालच्या खोल्यांत उतरलं. तिथं अंडी होती. ती उचलायला तरण्या मुंग्या खाली धावल्या, त्या वर आल्याच नाहीत.

म्हातारी तेवढी एक भिजलेलं अंडं तोंडात धरून बाहेर आली. समोर एक बाई हात जोडून दुसरीला सांगत होती, "बघ गं, सगळं दूध प्यायला. नागोबा पावला हो आपल्याला!"