शेपटाचं घर

कुणाच्या पणजोबालाही साल सांगता येणार नाही, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. नदीकाठी एक गाव होतं. गावाभोवती मातीचा उंच तट, तटाला एकच वेस आणि वेशीला जाडजूड सागवानी दार. नदीवरून काढलेला एक पाट गावच्या शेतांना पाणी पाजायचा, आणि कुणाच्या शेताला पाणी कधी, हे ठरवायची कोंडाई.

कोंडाई गावची पाटकरीण. बाई अंगाने एवढीशी, पण आवाज असा की तिने पाटाच्या या टोकाला हाक मारली की त्या टोकाला चोरून पाणी वळवणारा फावडं टाकून पळायचा. पाण्याच्या बाबतीत तिने सख्ख्या भावाचीही कधी भीड ठेवली नाही. तिचा एक नियम तर शेंबड्या पोरांनाही पाठ होता. पाण्याची पाळी सुरू व्हायची ती शेपटाच्या शेतापासून, म्हणजे पाट जिथे संपतो तिथल्या शेतापासून. "तोंडाशी असलेल्याला पाणी येता-जाता मिळतं," ती म्हणायची. "शेवटच्याला मिळतं ते कुणी आठवण ठेवली तरच."

तर अशा या गावावर एका बाजारच्या दिवशी घाला पडला. भरल्या बाजारात घोडेस्वार लुटारू घुसले. त्यांनी लुटलं थोडं आणि मारलं फार. का मारलं, ते कुणालाच कळलं नाही. पुढे राजाच्या शिपायांनी त्यांना गाठलं, त्यांना शिक्षाही झाली, पण त्याने गेलेली माणसं थोडीच परत येणार? बाया गेल्या, बाप्ये गेले, लेकरं गेली. कोंडाईचा धाकटा भाऊ जिवबा लसणाच्या गड्ड्या मांडून बसला होता, तोही गेला.

आपल्याकडे रीत अशी, की ज्या घरातलं माणूस जातं त्या घरात चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भाकरी घेऊन येतात, समोर बसून दोन घास खायला लावतात. कडू घास म्हणतात त्याला. पण त्या दिवशी गल्लीच्या गल्ली दुखवट्यात बुडालेली. कुणी कुणाकडे न्यायचा कडू घास?

मग आसपासची गावं धावली. आणि धावली ती अशी, की काही विचारू नका! भाकऱ्यांच्या पाट्या आल्या, वैद्य आले, भजनी मंडळी आली, राजाने एक कीर्तनकारबुवाही धाडले. सगळे वेशीतून आत यायचे आणि समोर चावडी दिसली की तिच्या भोवतालच्या घरांत शिरायचे. तिथे भाकऱ्यांना बुरशी आली, आणि मागच्या गल्लीत माणसं उपाशी निजली. बरं, जो येई तो विचारी, "कसं झालं हो? तुम्ही कुठे होता? शेवटी काही बोलले का?"

चावडीसमोर अनसाचं घर होतं. तिचा नवरा बाजारात मारला गेला होता. कोंडाई तिच्याकडे डोकावली, तर अनसा खांबाला टेकून बसलेली.

"कोंडाई, सकाळपासून सांगतेय गं," ती म्हणाली. "माझंच सांगणं मला पाठ झालंय. आता सांगताना रडूही येत नाही. दुसऱ्याच कुणाचं तरी सांगतेय असं वाटतं. मला माझीच भीती वाटायला लागलीय."

ते ऐकलं मात्र, कोंडाईचं टाळकं सरकलं. तिने पदर खोचला आणि तरातरा चावडीच्या ओट्यावर जाऊन उभी राहिली.

"अहो पाहुणे!" ती गरजली. "तुमची माया मोठी आहे, पण एकदम सोडलेल्या पाण्याने तोंडाची शेतं कुजतात आणि खालची करपतात. आता मी सांगते तसं वागा, नाहीतर आल्या वाटेने परत जा."

तिने गावाला पाळ्या लावून दिल्या. एका गल्लीला एकच पाहुणं गाव. ज्या घरी आज जो बसेल, उद्याही तोच बसेल, म्हणजे तेच ते पुन्हा सांगावं लागणार नाही. कसं झालं, हे कुणी विचारायचं नाही. घरातल्या माणसाने आपणहून सांगितलं तर मुकाट ऐकायचं, आणि नाही सांगितलं तर डाळ निवडायची, पाणी भरायचं, पोरांच्या वेण्या घालायच्या. ज्यांना झोप नाही, जे घोड्याच्या टापा ऐकून थरथरतात, त्यांच्याकडे वैद्यांनी जायचं.

"आणि अर्ध्या गावांनी आत्ता घरी जायचं," ती म्हणाली. "सुगी झाली की या, सणासुदीला या. थोड्या दिवसांनी हे सगळे पाहुणे उठून जातील, आणि दुःख खरं तेव्हा घरात राहायला येईल. तेव्हा कोण आहे?"

कीर्तनकारबुवा जरा तापलेच. "बाई, मी राजाज्ञेने आलोय."

"मग राजाज्ञेनेच दिवाळीला या, बुवा. तेव्हा या गावाला दिवा लावावासा वाटणार नाही. तुमची खरी गरज तेव्हा आहे."

बुवा होते शहाणे. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "येतो. दिवाळीला नक्की येतो."

आणि गाव सावरायला लागलं की हो! मागच्या गल्लीत वेळेवर भाकरी पोचू लागली. अनसाकडे शेजारच्या गावची एक आजी रोज यायची, काही न विचारता सूप घेऊन बसायची. एके दिवशी डाळ पाखडता पाखडता अनसाला हुंदका फुटला आणि ती पोटभर रडली. पाहुण्यांतल्या थोरल्या वैद्यबुवांनी कोंडाईची पाठ थोपटली. कोंडाईलाही वाटलं, जमलं बुवा आपल्याला.

दुसऱ्या दिवशी अनसा तिच्याकडे आली. "कोंडाई, धुळब्याकडे कुणाची पाळी आहे?"

धुळबा वेशीचा राखणदार. वेशीला लागूनच त्याचं घर. कोंडाईचा चेहरा एकदम कठीण झाला. "त्याच्याकडे कशाला पाळी? त्याच्या घरातलं कुणी गेलं नाही. बायको, पोरी, सगळी धडधाकट आहेत."

"पण त्याच्या घरातून धूर निघत नाही गं. आलेली सगळी गावं त्याच्या दारावरून गेली, आत एकही वळलं नाही. आणि तू म्हणायचीस ना, पाळी शेपटापासून?"

"त्याचं घर तर वेशीत आहे. शेपूट कुठलं?"

"जिथे पाणी पोचत नाही ते शेपूट," अनसा म्हणाली आणि निघून गेली.

कोंडाई बसल्या जागी बसून राहिली. आपण धुळब्याला विसरलो, असं ती मनाला सांगत होती. पण ती विसरली नव्हती. बाजारच्या दिवशी सकाळी अडसर काढून वेस उघडतो तो धुळबा. त्या दिवशीही त्यानेच उघडली होती. लुटारू त्याच दारातून आले आणि जिवबा त्याच दारापासून हाकेच्या अंतरावर पडला. सगळ्यांना पाळ्या वाटताना कोंडाईने ते एक घर मुद्दाम कोरडं ठेवलं होतं. हे मनाशी कबूल करताना तिला स्वतःची लाज वाटली.

ती उठली आणि वेशीकडे निघाली.

धुळब्याची बायको पारू दारातच बसली होती. "बरं झालं आलीस," ती म्हणाली. "कालपासून पाण्याचा घोटही घेत नाहीत. मी काही बोलले की तोंड फिरवतात. माझं माणूस डोळ्यांदेखत चाललंय गं, कोंडाई."

आत धुळबा भिंतीकडे तोंड करून पडला होता. हाडांचा नुसता सापळा झाला होता. उशाशी त्याने वेशीचा तो जड लाकडी अडसर आणून ठेवला होता. कोंडाईची चाहूल लागताच तो न वळताच म्हणाला, "दार मी उघडलं, कोंडाई."

तुझी काही चूक नाही, हे सांगायला कोंडाईने तोंड उघडलं होतं. पण ते तिने गिळलं. पारूने ते नक्कीच हजारदा सांगितलं असणार.

"हो, तूच उघडलंस," ती म्हणाली. "बाजार होता. बाजाराला वेस उघडायची असते. त्या सकाळी दार बंद असतं तर सगळ्यांत आधी मीच येऊन तुझ्या नावाने ओरडले असते, की माझा जिवबा लसूण मांडून बसलाय आणि गिऱ्हाईक बाहेर उभं आहे, उघड की मेल्या!"

जिवबाचं नाव तोंडातून गेलं आणि तिचा आवाज फुटला. इतक्या दिवसांत ती रडली नव्हती. आता खाली बसली आणि लहान पोरीसारखी हमसाहमशी रडायला लागली. "फार राग केला रे तुझा मी," ती म्हणत होती. "फार राग केला."

धुळबा वळला. मग कोपरावर जोर देऊन कसाबसा उठला, भिंत धरत माठापाशी गेला आणि तांब्या भरून तिच्यापुढे ठेवला.

"कोंडाई," त्याने विचारलं, "तुझ्याकडे कडू घास कुणी आणला?"

कोंडाईने डोळे पुसले. आठवायचा प्रयत्न केला. "कुणीच नाही," ती म्हणाली. "सगळ्यांना वाटलं असेल, ही खंबीर आहे. माझ्याकडूनही स्वतःला पाळी लावायची राहूनच गेली."

"पारू," धुळबा म्हणाला, "चूल पेटव. हिच्याकडे घास पोचलेला नाही."

पारू लगबगीने उठली. पिठलं रटरटलं, भाकरी थापली गेली. धुळब्याने घास कोंडाईपुढे धरला. ती म्हणाली, "तू खाशील तर मी खाईन." मग दोघांनी खाल्लं. पारू चुलीपाशी बसून पदराने डोळे पुसत होती आणि भाकऱ्यांवर भाकऱ्या करत होती.

त्या दिवसापासून धुळब्याच्या घरी रोज कुणीतरी येऊन बसू लागलं. वैद्यबुवांनी औषध दिलं. अनसाही आली, आणि तिला पाहून धुळब्याचा जीव निम्मा हलका झाला. एकट्या कोंडाईच्या एका फेरीने सगळं बरं झालं, असं समजू नका हं. वेळ लागला. पण आता पाणी पोचत होतं.

मग पुन्हा बाजार भरवायचं ठरलं. त्या सकाळी सारं गाव वेशीपाशी जमलं. रात्री पुन्हा दाराला लावलेल्या अडसराला धुळब्याने हात घातला, पण त्याला तो काढवेना. अनसा पुढे झाली आणि तिने अडसराला हात लावला. मग पारूने लावला, वैद्यबुवांनी लावला, ज्याचा हात पोचला त्याने त्याने लावला. अडसर निघाला, दार उघडलं. बाहेर आसपासच्या गावांच्या गाड्या भाजीपाला घेऊन उभ्या होत्या. कोंडाईने जिवबाच्या जागेवर फडकं अंथरलं, त्यावर लसणाच्या गड्ड्या मांडल्या आणि ठेवणीतल्या आवाजात ओरडली, "घ्या लसूण, ताजा लसूण!" तो आवाज पाटाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला.

दिवाळीला कीर्तनकारबुवा आले. वेशीतून आत शिरल्यावर त्यांनी पहिल्यांदा धुळब्याच्या घरी पाणी घेतलं, मग ते कोंडाईकडे गेले, आणि त्यानंतर चावडीवर.

बोध: दुःखाच्या वेळी मायेचा पाट शेपटापासून सोडावा, आणि पाट सोडणारालाही तहान असते हे विसरू नये.