ढाण्याची सोन्याची भांडी

कर्दळगडच्या राजाचा कुत्रा जेवेना!

गडाखालच्या गावात निम्म्या चुली पेटेनात, त्यासाठी कधी दरबार भरला नव्हता. पण ढाण्या जेवेना म्हटल्यावर तातडीने भरला! ढाण्या हा मानाजीमहाराजांचा जीव की प्राण. अंगाने वासराएवढा आणि थोबाड चांगलं रुंद. महाराजांनी हौसेने त्याच्यासाठी सोन्याची दोन भांडी घडवून घेतली होती, एक जेवायला आणि एक पाण्याला. काम दिवाणजींच्या देखरेखीखाली झालं. भांडी दिसायला काय देखणी! काठाला माणकं जडवलेली, पोट डेऱ्यासारखं, खाली ऐसपैस बैठक. आणि तोंड? तोंड एवढं अरुंद, की मांजराच्या पिल्लानेही अंग चोरून आत डोकावावं!

वर महाराजांचा हुकूम होता, की ढाण्याने दुसऱ्या कशातून खाल्लं तर तो आमचा अपमान!

मग काय, बिचारा नाक खुपसायचा, माणकं टोचली की कळवळून मागे व्हायचा. आतल्या मटणभाताचा नुसता वास घेऊन पोट कुठे भरतं? तो वाळत चालला. राजवैद्यांनी तपासून सांगितलं, "याला अजीर्ण झालंय!" उपाशी कुत्र्याला अजीर्ण! ज्योतिष्यांनी सांगितलं, "साडेसाती सुरू आहे." राजकवींना तर तो विरहाने झुरताना दिसला.

शेवटी ढाण्याचा रखवालदार तुळाजी न राहवून बोलला, "म्हाराज, त्याचं थोबाड त्या भांड्यात शिरत न्हाई!"

दिवाणजी कडाडले, "महाराजांच्या भांड्याला नावं ठेवतोस?" झालं! तुळाजीची रवानगी कोठडीत. त्या राज्यात खरं बोलणाऱ्यासाठी कोठडी नेहमी झाडून ठेवलेली असे.

दुसऱ्या दिवशी तुळाजीची लेक ठकू दरबारात येऊन उभी राहिली. डोक्यावर रिकामी घागर, घागरीखाली चुंबळ. पाण्याला म्हणून निघालेली पोर तशीच गड चढून आली होती.

"सरकार, माझ्या बाला सोडा. त्यानं काय चोरी केली न्हाई!"

"चोरीपेक्षा वाईट केलंय," महाराज म्हणाले. "आमच्या भांड्यांत खोट काढली!"

"मंग खोट न्हाई असं मी दाखवते. ह्याच भांड्यांतून ढाण्या जेवंल, पाणीबी पिईल!"

दरबार खो खो हसला. दिवाणजी तर पोट धरून हसले. महाराजांना चेव आला.

"ठीक आहे! पण भांड्याला हातोडा लावायचा नाही. दुसरं भांडं आणायचं नाही. हाताने भरवायचं नाही. दुपारची नौबत वाजेपर्यंत तो जेवला नाही, तर बाप-लेक दोघांनाही राज्याबाहेर हाकलीन!"

"आन् जेवला तर?"

"तर बाप सुटला. वर इनाम!"

ठकूने घागर उतरवली. चुंबळ जमिनीवर ठेवली. लुगड्याचा पदर फाडून तशीच दुसरी चुंबळ वळली. मग जेवणाच्या भांड्यातला मटणभात तिने आपल्या घागरीत काढला आणि ते रिकामं भांडं दोन्ही हातांनी उचललं.

"ए! काय करतेस?" दिवाणजी उठलेच.

ठकूने भांडं सरळ पालथं घातलं! तोंड चुंबळीत रुतलं आणि बैठक वर आली. बैठक कसली, आत चांगली पोकळ, खोलगट, पसरट! तिने त्या पोकळीत मटणभात ओतला. दुसऱ्या भांड्याचीही तीच गत करून त्यात पाणी भरलं. ढाण्याने एकदा हुंगलं आणि मग जो तुटून पडला! लपालप भात, मचामच मटण, मध्येच घटाघट पाणी. सबंध दरबार एका कुत्र्याचं जेवण बघत होता.

"अपशकुन! महाराज, अपशकुन!" दिवाणजींना घाम फुटला होता. "भांडं पालथं घालतात ते घरात दाणा नसला तर! राजवाड्यात पालथं भांडं? आधी सुलटं करा!"

महाराजांच्या कपाळावर आठी पडली. "पोरी, हे खरं आहे. आमच्या घरात पालथं भांडं चालायचं नाही!"

बापाच्या कोठडीचं दार काही उघडत नाही, हे ठकूला दिसलं. पण तिची जीभ काही अडखळली नाही.

"सरकार, पालथं भांडं अपशकुनी कशापायी? तर त्या घरात कुणी उपाशी ऱ्हातं म्हून. आता तुमीच सांगा, ही भांडी सुलटी व्हती तवा घरात कोण उपाशी व्हतं? आन् पालथी घातल्यावर कोण जेवतंय? मंग अपशकुन कुठल्या बाजूला हाय?"

दरबारात ऐकू आलं ते फक्त ढाण्याचं मचमच.

महाराज उतरून खाली आले. त्यांनी वाकून भांडं निरखलं.

"दिवाणजी, ही बैठक तर भरीव करायची ठरली होती. त्याचं सोनं आमच्या खजिन्यातून गेलंही होतं!"

दिवाणजींना अचानक खोकला आला.

"तरीच! तरीच तुम्हाला भांडं सुलटं हवं!" महाराज असे हसले, असे हसले, की पगडी कानावर आली. "सोडा रे तुळाजीला! आणि ठकूला इनाम म्हणून या दोन्ही पोकळ्यांत मावेल तेवढं सोनं. दिवाणजींच्या घरून!"

दिवाणजी काकुळतीला आले. "पण महाराज, मापणार कसं? भांडी तर त्या कुत्र्याने अडवलीत!"

"सावकाश मापा की, दिवाणजी," ठकू म्हणाली. "त्यानं चाटून पुसून दिली, की तुमाला घासायबी लागायची न्हाईत!"

महाराजांचं हसू नुकतंच कुठे आवरत आलं होतं, ते पुन्हा उसळलं.