पाटलाचं पेव आणि पंचांचं जाजम

"पंचांचा निवाडा माझ्या राज्यात फिरत नाही," राजा म्हणाला. "फिरवायचाच तर पंचांनी स्वतःच्या तोंडाने फिरवावा. जमतंय का बघ."

समोर गोजरा कासारीण काठी टेकून उभी होती. तिचा पाय मोडला होता, आणि दारोदार फिरून बांगड्या भरल्याशिवाय तिची चूल पेटत नव्हती. झालं होतं असं. तुळाजी पाटलाने ज्वारी काढायला गल्लीतलं पेव उघडलं. पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खोल खड्डा; तो उघडला की भोवती बाभळीच्या काट्या लावायच्या, ही गावाची रीत. पाटलाला काट्या तोडायचा कंटाळा! त्याने पेवाच्या तोंडावर तरट टाकलं, आपली कोंबडी पडू नये म्हणून, आणि जेवायला गेला. कोंबडी वाचली, गोजरा पडली.

पाय बरा होईपर्यंत पाटलाने ज्वारी द्यावी, एवढंच तिचं मागणं. पाच पंच बसले, पाटलाकडे पुरणपोळ्या हाणल्या आणि म्हणाले, "चूक बाईचीच. डोळे असणाऱ्याला पेव दिसतंच."

म्हणून ती राजाकडे दाद मागायला आली, तर आता राजाचं हे असं. गोजरा म्हणाली, "बरं महाराज. उद्या दरबार आमच्या चावडीपुढं भरवा. बैठकीचं मी बघते."

दुसऱ्या दिवशी राजा चावडीच्या कट्ट्यावर बसला. पुढे भलंमोठं जाजम अंथरलेलं. पंच पागोटी सावरत आले.

"या, बसा," गोजरा म्हणाली. "फक्त एक सांगते. या जाजमाखाली कुठंतरी उघडं पेव हाय."

थोरल्या पंचांचा उचललेला पाय तसाच हवेत राहिला. बाकीचे चौघे त्यांच्या मागे दडले. कट्ट्यावर राजानेही हळूच पाय वर घेतले.

"बसा की," गोजरा म्हणाली. "डोळं हायेत नव्हं?"

थोरले पंच भडकले. "अगं बये, झाकलेलं पेव कुणाच्या बापाला दिसतं?"

"ऐकलंत महाराज? फिरला निवाडा. आणि यांना मी निदान आधी सांगितलं तरी. मला कुणी सांगितलं हुतं?"

पंचांची तोंडं बघण्यासारखी झाली. राजाने तिथल्या तिथे हुकूम दिला. पाय बरा होईपर्यंत पाटलाने ज्वारी स्वतःच्या डोक्यावरून गोजराच्या घरी पोचवायची. वर राजाकडून जरीचं लुगडं.

मग राजाने खाली वाकून जाजमाकडे पाहिलं. "ते झालं. पण मी आता उतरू कुठून? पेव आहे कुठे?"

"उतरा बिनघोर, महाराज," गोजरा म्हणाली. "मोडक्या पायानं कुदळ कोण मारणार?"

राजा इतका हसला की शेवटी त्याला चौघांनी धरून उतरवावं लागलं.