पतंग आणि त्याचे सोंग

एका राज्यात धवलकेतू नावाचा तरुण राजा होता, आणि कुंतला ही त्याची थोरली बहीण. करालजंघ मांत्रिकाने राजाला शाप देऊन पतंग केले, वीतभर काळ्या पंखांचा, हिरव्या पट्ट्यांचा, आणि स्वतः सिंहासनावर चढून बसला.

कुंतलेने भाऊ परत मागितला. मांत्रिक म्हणाला, "दोन दारे ओलांड, मग दरबारात ये. तिन्ही ठिकाणी एक पतंग असेल आणि एक त्याचे सोंग घेतलेले फुलपाखरू. पतंगावर बोट ठेव. तिसरा पतंग तुझा भाऊ. चुकलीस, तर तुलाही पंख फुटतील."

पहिल्या दारी दोघे भिरभिरत होते. रंग तोच, डौल तोच. कुंतलेने कमानीवरच्या कोतवाल पक्ष्याला विचारले.

"एकदा पतंग खाल्ला, ताई. तोंड असे कडू झाले की या रंगाचे काहीही दिसले की मी मान फिरवतो," तो म्हणाला. "निवडत कोण बसणार?"

कुंतलेला त्या फुलपाखराचे भारी कौतुक वाटले. अंगात विष नाही, पण काय रुबाब! ती थांबून राहिली. दमल्यावर एकाने पंख सतरंजीसारखे भिंतीवर पसरले, दुसऱ्याने पाठीवर मिटून घेतले. पंख पसरून बसतो तो पतंग; तिने त्याच्यावर बोट ठेवले. दार उघडले.

दुसऱ्या दारी दोघे हात पोचेल अशा काचेच्या छतावर बसलेले, खालून काचेतून दोघांची पोटे केशरी दिसत. पण एकाने पंख हलवले आणि केशरी रंग पोटावरून सरकला. पोट काळेच होते, ठिपका होता पंखाच्या काठाला, नेमका पोट झाकेल असा. कुंतला भान हरपून पाहत राहिली. मग तिने काचेखालून दुसऱ्यावर बोट ठेवले. हेही दार उघडले.

दोन्ही दारी तिने मिशाही न्याहाळल्या होत्या. पतंगाची मिशी दोऱ्यासारखी निमुळती, फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला मोहरीएवढी गाठ.

दरबारात सोन्याच्या तबकात तिसरी जोडी होती. कुंतला वाकली. दोघांच्याही मिशांना गाठ.

"ठेव बोट," मांत्रिक म्हणाला.

त्या राज्याची रीतच अशी, की सिंहासनावर बसलेल्याच्या पावलांवर नजर ठेवावी, वर पाहू नये. सारा दरबार माना खाली घालून उभा होता. कुंतलाही जन्मभर तशीच उभी राहिली होती. आज भावासाठी तिने मान वर केली. मांत्रिकाच्या मुकुटावर, हिऱ्यांच्या जागी, पंख पसरून एक पतंग बसला होता. मिशा निमुळत्या.

"तो माझा भाऊ," ती म्हणाली आणि तिने बोट रोखले.

मुकुट घरंगळला, धवलकेतू माणूस होऊन उभा राहिला, आणि करालजंघाची मूठभर राख उरली. तबकातली फुलपाखरे राजाने स्वतः बागेत सोडली.

तेव्हापासून त्या राज्यात लोक आधी राजाचे तोंड पाहतात, मग मुजरा करतात.